इल्डा, लिही

इल्डा, लिही : पाच, चार, सात.
सातला रक्त.

मारिन्या ग्रांदचा अदेरितु खुर्चीत आडवा,
डोळे छताला, मुठी आवळलेल्या.
चाळीस वर्षं काचेच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस
माझ्या एवढ्याशा सळईला घाबरतो.
दात आणि हिरडीच्या मध्ये खिसे पडलेत, म्हटलं, खोल.
म्हणाला, माझ्या खिशांपैकी
हेच तेवढे भरलेले असणार.

पुढचा एक दात हलतो.
फुंकनळी ओठांत धरली की मागे सरकतो
आणि पेल्याचा गळा वाकडा येतो.
मालकाला हे त्यानं सांगितलेलं नाही.
मला सांगितलं, तेही भूल चढल्यावर,
बोबड्या जिभेनं.

कापणार नाही ना?
नाही कापत. टाकाही नाही.
नुसतं खरवडायचं, मुळाच्या अंगानं,
तोंडाचा एकेक चतकोर,
चार मंगळवार.

हिरडीखाली दिसत काहीच नाही.
तिथं हात कानानं बघतो.
कीटण असलं की पातं करकरतं,
निघालं की गप्प सरकतं.
"आआ आई?" तो विचारतो, तोंडात नळी, कापूस, माझी बोटं.
काच झाली?
नाही अजून. अजून वाळू आहे.

पहिल्या मंगळवारी रात्री त्याला कणकण आली.
झुल्मिराचा फोन, तापलेला :
तुम्ही बरं करताय की काय करताय?
म्हटलं, जे वर्षानुवर्षं दबा धरून होते
त्यांना उठवलंय. रक्तात धावपळ होणारच. दोन दिवस.
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, निखारे ढवळल्यावर उडतात ठिणग्या,
तसंच ना?
तसंच.

दात कोरून पोट भरत नाही, खरंय.
पण तीन महिन्यांनी रक्ताचा कागद आला :
दाहाचा आकडा सहावरून दोनवर,
साखरही थोडी उतरलेली, गोळी तीच.
मी फार ताणत नाही.
रात्रीची गोड वाइनही सोडली होती त्यानं.
श्रेय कुणाचं, ते रक्त लिहून देत नाही.

हाड गेलं ते गेलं.
सूज ओसरली तशा हिरड्या वर सरकल्या,
दात लांब दिसतात, फटींतून वारा जातो,
गार पाणी झोंबतं.
घोडा केलात माझा, म्हणतो, आणि हसतो,
तोंडावर हात न धरता.
पेल्यांचं विचारलं तर खांदे उडवतो.
झुल्मिरा म्हणे हल्ली जेवायला
समोर नाही, शेजारी बसते.
का, ते त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

बरं, आ करा.
वरची डावी दाढ, आतली बाजू.
इल्डा, लिही : तीन, तीन, सहा.
सहाला...
थांब, बघू दे.
थोडं.