बाणाच्या टोकाला

माझ्या ड्रॉइंगमध्ये हवा निळी आत येते
आणि लाल होऊन बाहेर जाते.
शेवटी एक बाण, त्यापुढे ‘वातावरणात’ एवढा एकच शब्द,
मग कोरा कागद.
सतरा वर्षं मी त्या कोऱ्यावर
कंपनीचा शिक्का मारत आलो.

कुंडईच्या पठारावरची ही लॅब तशी सोपी होती.
फ्यूम हूड सहा. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग
सेकंदाला अर्धा मीटर.
कमी झाला तर वाफ केमिस्टच्या नाकाकडे वळते,
फार वाढला तर तिच्याच हातांभोवती भोवरे धरते.
हवा ओढायची तीही बेतानं,
झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून चादर काढावी तशी.
डक्ट पत्र्याचा नको म्हणालो, खारा वारा जस्त खातो.
दाराच्या फटीशी टिश्यूची पट्टी धरली,
ती आत झुकली.
उपासना केरकर नावाच्या केमिस्टनं
हूडमध्ये उदबत्ती लावली आणि हसली,
‘देव कुठाय पण?’
धूर मागच्या फटीत गेला, एकही धागा न सुटता.
मी सही केली.

एप्रिलमध्ये फोन आला. तक्रार लॅबची नव्हती.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडे, उतारावर,
मोगाबाय गावडे पत्र्यावर सोलं वाळत घालते.
भिरंडांची सालं, स्वतःच्याच रसात बुडवायची,
मग ऊन, पुन्हा रस, पुन्हा ऊन.
तिनं एक सोल माझ्या तळव्यावर ठेवलं.
हुंगलं. आंबट. आणि त्या आंबटामागे
काहीतरी गोडसर, नेलपॉलिशच्या बाटलीसारखं,
किंवा नव्हतंच. मला सांगता येईना.

मॅनेजर म्हणाला, आकडे मर्यादेत आहेत.
होतेच. मीच लिहिले होते,
वारा दाबोळी विमानतळावरून उसना घेऊन.
मोगाबायनं हातातल्या सुपानं डोंगर दाखवला:
‘दनपरां वारें परतता, पात्रांव.’

दुपारी गच्चीवर चढून मी उदबत्ती पेटवली.
वीस मिनिटं धूर वर जात राहिला.
मग कुणी हाक मारल्यासारखी मान वळवून
उतरणीला लागला,
माडांच्या शेंड्यांवरून, थेट पत्र्याकडे.

पैशांवरून दोन महिने पत्रं. तोवर हंगाम संपला.
चिमणी साडेतीन मीटर वाढली, तोंड निमुळतं झालं,
आणि टोकावरची पावसाची टोपी काढून टाकली.
वर जाणारी हवा तीच खाली दाबत होती.
ती मी बसवली होती,
ड्रॉइंग सुबक दिसावं म्हणून.

निघताना मोगाबायनं पावशेर सोलं दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
भिंतीलगतच्या पत्र्यावरची की घरामागची,
विचारायचं राहिलं.
पुडी मिठाच्या बरणीमागे आहे.
बायको विचारते, बांगड्याच्या हुमणात घालू?
मी म्हणतो, थांब.
कालही तेच म्हणालो.