धर्मकाट्यावरची सॅक

टेसनाच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय:
समुद्रसपाटीपासून चारशे अकरा मीटर.
रिगझिनला फोनवर तेच सांगितलं.
तो जरा थांबला. मग म्हणाला, दीदी,
तेराने गुणा, तेवढी आपली खिंड.

मी संत्र्याच्या ट्रकांचा काटा पाहते,
गुणाकार माझ्या बोटांवर असतो.
पाच हजार तीनशे त्रेचाळीस.
पावतीच्या पाठीवर लिहून टाकलं.

चौघं जाणार: मी, इंद्रपाल वायरमन,
अंगणवाडीतली प्रेमिला उईके,
आणि सुलभाचा नवरा,
ज्यानं पैसे भरले, पण घरी अजून सांगितलं नाही.

सातपुडा दिसतो, पण तिथवर बस जाते दिवसातून दोनदा.
म्हणून पाण्याची टाकी.
पहाटे साडेचार, एकशे चार पायऱ्या,
पाठीवर तुरीचं अर्धं पोतं.
वर पोचून प्रेमिला दम खात म्हणते,
काऊन वं, हवा तं इथंबी तेवढीच हाय!

स्लीपिंग बॅग उणे दहाची.
सेहेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यात
खात्री करायची कुठं?
कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरनं एक रात्र दिली.
उरल्यासुरल्या मृगबहाराच्या क्रेटांमध्ये
रांगेनं निजलो.
उणे कुठलं, चार-पाच अंश असतील,
तरी इंद्रपालचे दात वाजले
आणि सकाळी आमच्या कपड्यांना सालीचा वास.

सॅक धर्मकाट्यावर ठेवली.
शून्य.
टॉर्च घातला, दोरी घातली, औषधांचा डबा.
शून्य.
ट्रक मोजणाऱ्याला माणसाचं ओझं दिसत नाही.
शेवटी किराणावाल्याकडे नेली: नऊ किलो दोनशे.

रिगझिन विचारतो, तुमच्यात सगळ्यात हळू कोण?
तो पुढे चालेल. बाकीचे त्याच्या मागे.
मी म्हटलं, आवाज तुटतोय.
आवाज चांगला येत होता.

परवा त्यानंच विचारलं,
सेहेचाळीस म्हणजे कसं असतं?
तुमच्याकडे यायचं तर काय आणू?
सांगितलं: कानावरून दुपट्टा. खिशात कांदा.
बारा ते चार उंबऱ्याबाहेर पाय नाही.
आणि पाणी, तहान लागायच्या आधी.
तो हसला. पाण्याचं तर
मीही तुम्हाला हेच सांगणार होतो, म्हणाला.

बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय.
थांब बाबा, एक ओळ राहिली.
पावतीच्या पाठीवर, खिंडीच्या आकड्याखाली:
पुढे कोण. मी.