ओळंबा

शनिवारी रात्री उद्यमनगरात शटर अर्धं ओढून
आम्ही शिसं वितळवतो.
चाकाच्या रिमवर ठोकतात ती बारकी वजनं,
पंक्चरवाल्या मोमीनकडून किलोवर आणलेली.
वर राख धरते, ती चमच्याने बाजूला सारायची.
कृष्णात दिवसा शिरोलीच्या फौंड्रीत कोअर करतो,
त्याच्या साच्यात हवा अडकत नाही.
पंपाच्या बॉडीला घेतो तेवढीच काळजी
तो तीन रुपयांच्या गोळीला घेतो.

पहिल्या खेपेला मी विचारलं होतं,
नाना, किती ग्रॅमचं लावू?
कुठं टाकतोस त्यावर हाय, म्हणाले.

काळम्मावाडीचं पाणी आम्हाला नुसतं पाणी.
गुंडूनानांना त्यात बांध दिसतात.
त्या वाळक्या फांदीच्या रेघेत भाताची खाचरं:
तिथं चपटं लाव, जुन्या रुपयागत.
गोल गोळी गाळात बुडती, गळालाबी घेऊन जाती.
आणि गळ वर बांध, वजनापासून हातभर वर,
चिखलात गांडूळ कुणाला दिसतंय?
पुढं ओढा. धरणाचं दार उघडलं
की अजून वाहतोय आतल्या आत,
तिथं तारेच्या नखांचं वजन, रुतून बसणारं.
वामीला सरकती गोळी.
दोरा गोळीच्या पोटातून मोकळा जाऊ दे,
वाम आधी चव बघती,
वजन कळलं की थुंकून जाती.

आणि मधली जागा, बारा वाव.
तिथलं वजन नाना स्वतः बांधतात,
सुतळीच्या एकाच पदरानं,
हिसका दिला की तुटेल असं.
आंब्याची खोडं हाईत खाली. सात.
अडकलं तर वजन ठेवायचं तिथंच,
मासा घेऊन यायचं.

मी हिशेब ठेवलाय:
दोन वर्षांत त्या सात खोडांपाशी
माझी एकतीस वजनं.
कृष्णात म्हणतो, फळं धरली असतील एव्हाना.

नानांच्या तंबाखूच्या डब्यात
एक वजन कधी दोऱ्याला लागत नाही.
पितळी ओळंबा.
उठल्यावर नाना कोल्हापुरात आले, गवंडी झाले,
नागाळा पार्कात, राजारामपुरीत
लोकांच्या भिंती सरळ करत राहिले तीस वर्षं.

पौषातली सकाळ. ट्रकच्या ट्यूबवर फळी,
फळीवर आम्ही दोघं, पाण्यावर वाफ.
नानांनी ओळंबा काढला, बांधला,
गळ नाही, गांडूळ नाही,
आणि वाव वाव मोजत सोडला.
मी काही बोललो नाही.
नऊला त्यांनी हात थांबवला,
दोरा माझ्या बोटावर ठेवला, थोडा उचलला, सोडला.
टक.
परत उचलला. टक.

जोतं, म्हणाले.

कुणाचं ते मी विचारलं नाही.
लांब कुठे तरी बगळा ओरडला,
नानांनी दोरा कोपरावर गुंडाळत वर घेतला,
ओळंबा धोतराला पुसला.
हितं मासा लागत न्हाई, दगड हाय.
चल, खाचराकडं सरकू.

त्या दिवशी दोन शिंगट्या मिळाल्या, एक हातातनं निसटली.

शनिवारी कृष्णातनं ओळंबा काट्यावर ठेवला,
तीनशे दहा भरला.
वाळूत दाबून ठसा घेतो म्हणाला,
असलीच चार ओतून देतो शिशाची,
अडकली तरी जीव जळायचा न्हाई.
नानांनी ओळंबा उचलून डब्यात टाकला.

शिसं मऊ असतंय, म्हणाले,
दगडावर आपटलं तरी सांगत न्हाई.

मग कृष्णातनं चपट्या वजनांचाच साचा उघडला.
बारा निघाली. एकाच्या कडेला पोकळी होती,
ते परत भांड्यात टाकलं.