गुडघे

त्या एका प्रार्थनेला आम्ही गुडघे टेकत नसू.
उत्तम शुक्रवार, सकाळचे नऊ, तरी मोहननगरची फरशी तापलेली.
घंटा मुक्या. माझ्या हातात लाकडी खटखट्या.
फादर म्हणायचे : फ्लेक्तामुस जेनुआ.
बिशपांसाठी खाली, भुकेल्यांसाठी खाली, कैद्यांसाठी,
पाखंड्यांसाठीसुद्धा. अख्खं चर्च धपकन एकदम,
आणि लेवाते म्हटलं की वर.
यहुद्यांची पाळी आली की मात्र
ती आज्ञाच यायची नाही. आम्ही उभेच.
मग परत खाली, मूर्तिपूजकांसाठी,
म्हणजे जवळजवळ सगळ्या नागपुरासाठी.

नऊ वर्षांचा होतो. गुडघ्यांना तेवढाच आराम
म्हणून मला ती प्रार्थना आवडायची.

यहुदी म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं.
हनोक झिराडकर. मालगाडीचे गार्ड.
अजनीच्या क्वार्टरात आमची भिंत एकच,
आमचं मीठ संपलं की त्यांचं.
त्याच संध्याकाळी आमच्या देवळातले दिवे विझलेले,
आणि सिप्पोरामावशी काचेच्या पेल्यात
पाणी, वर खोबरेल, वर वात,
शब्बाथ लावायची. पदर डोळ्यांवर.
मी दारात उभा. सुतकातून आल्यासारखा.

धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होतं :
चर्चबाहेर तारण नाही.
तारण हा शब्द मी घरीही ऐकला होता,
आईची पाटली सराफाकडे तारण होती.
म्हटलं, हनोककाका कुणाकडे गहाण पडलेत?
आणि त्यांना सोडवायला कोण जाणार?

गेलो मीच.
शाईच्या रिकाम्या दौतीत देवळातलं पवित्र पाणी,
किंचित निळं झालेलं,
भर दुपारी त्यांच्या माठात ओतलं.
काका ड्यूटीवरून आले, दोन पेले प्यायले,
आऽ म्हणाले, मिशा पुसल्या.
मी वाट पाहिली. काही झालं नाही.
मिल्काने गणितं मागितली, मी दिली.

पापकबुलीत सांगितलं. जाळीपलीकडून
फादरांनी एवढंच विचारलं : शब्द उच्चारलेस?
नाही.
मग काही झालेलं नाही, पोरा. पाणी ते पाणी.
तीन नमो मरिया, आणि पुन्हा चोरी करू नकोस.

पुढे केव्हातरी त्या प्रार्थनेलाही
गुडघे टेकायला सांगितलं. कारण कुणी सांगितलं नाही.
मग त्यातलं एक विशेषण गळलं.
मग लॅटिनच गेली, आणि मराठीत ऐकू आलं :
ज्यांच्याशी देव प्रथम बोलला, ते लोक.
मी ते ऐकलं तेव्हा शेजारचं क्वार्टर रिकामं होतं.
झिराडकर बीरशेबाला गेले होते,
माठ आमच्याकडे ठेवून.

परवा आमच्या तरुण फादरांनी प्रवचनात सांगितलं,
तो जुना करार देवाने मोडलेला नाही, कधीच नव्हता.
किती सहज सांगितलं. पंख्याखाली.
मला उठून विचारावंसं वाटलं :
मग आम्ही उभे का होतो?
पण माझ्या पुढच्या बाकावर लग्न ठरलेलं जोडपं होतं,
आणि फादरांचा जन्मच मुळी त्यानंतरचा.

मिल्काचा फोन येतो, वर्षातून दोनदा.
ती ब्याऐंशीची. मराठी अजून अजनीचीच.
सत्तर वर्षांनी तिला दौतीचं सांगितलं.
बराच वेळ नुसती खरखर.
मग हसली. काय बाप्पा तू! म्हणाली,
त्या माठातलं पाणी सर्वांत जास्त तूच तर प्यायचास.
मग म्हणाली, बाबांना नको सांगूस.
बाबा जाऊन चाळीस वर्षं झालीत.
मी म्हटलं, नाही सांगत.

यंदाच्या उत्तम शुक्रवारी
प्रार्थना आली. सगळे खाली गेले.
माझे गुडघे आता वाकत नाहीत,
डॉक्टरांनी वाटी बदला म्हटलंय, मी टाळतोय.
तर त्या वाक्याला, सगळ्या चर्चमध्ये,
मी एकटा उभा,
बाकाला धरून,
नऊ वर्षांचा असताना होतो तसाच.