साडेबारा टक्के

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळहात पसरा.
बोटांसकट आपला तळहात
म्हणजे आपल्या कातडीचा साधारण एक टक्का.
मग त्यांनी मोजणी सुरू केली :
डावं कोपर अर्धा, उजवं अर्धा,
नडग्यांवर दोन-दोन,
वळा जरा, पाठीवर पाच,
डोक्यात केसांखाली दोन,
बेंबीभोवती अर्धा.
कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली, म्हणाल्या,
साडेबारा.

मी हसलो.
वाशीच्या त्या गार खोलीत, उघडाबंब,
मोठ्यानं हसलो.
बाई अमरावतीकडच्या, त्यांना कळेना.
कसं सांगू,
कोपरखैरण्याच्या आमच्या घरात
हा आकडा देवाच्या नावासारखा घेतलाय.
सगळी जमीन नेली,
तिच्यातली साडेबारा टक्के परत देणार होते.
बापानं मरेपर्यंत ती फाईल
गादीखाली ठेवली.

विचारलं, हे आलं कुठून?
खाडीचं पाणी? कंपन्यांचा धूर? सुकट?
बाई म्हणाल्या, बाहेरून कुणी आलेलं नाही.
रक्तातल्या पेशी, ज्यांचं काम पहाऱ्याचं,
त्यांना तुमचीच कातडी परकी वाटतेय.
त्या हाकाटी करतात,
आणि कातडी घाबरून
भराभर नवी कातडी बांधत सुटते.
एरवी पेशीला खालून वर यायला महिना लागतो.
तुमची पाच दिवसांत येते.
कच्ची.

हे मात्र मला लगेच कळलं.
गावठाणात आम्ही असंच बांधतो.
पालिकेची गाडी येणार, अशी कुणकुण लागली
की रातोरात स्लॅब,
पाणी मारायला वेळ नाही, प्लास्टर नाही,
तिसऱ्यावर चौथा.
आजा जिथं जन्मला
तिथंच अनधिकृत.
दारावर चिकटवलेली नोटीस
आईनं उलथन्यानं खरवडली होती.
तिचे पापुद्रे असेच निघत होते,
असेच, आणि खाली थोडं रक्त :
आईचं बोट कापलं होतं.

काळा शर्ट मी घालत नाही.
न्हावी बदलले, तीन.
सकाळी चादर झटकताना बायको खिडकी उघडते,
काही बोलत नाही.
बावीस वर्षांत एकदाच विचारलं, दुखतं का?
म्हटलं, खाज येते.
म्हणाली, ते नव्हतं विचारलं.

आई म्हणते, तुजे बापाचा मीठ हाय त्यो,
आंगान र्‍हायलाय.
बापाचं मिठागर कुठं होतं
ते आता तिलाही दाखवता येत नाही,
एकदा एका मॉलच्या पार्किंगकडे बोट केलं,
एकदा पुलाकडे.

आठवड्यातून तीनदा
दिव्यांच्या कपाटात उभा राहतो,
डोळ्यांवर काळा चष्मा, आज एक मिनिट दहा सेकंद.
गोळी फक्त बुधवारी.
बुधवारीच, बाईंनी तीनदा बजावलं.
गोळी पहारेकऱ्यांना पेंग आणते.
पूर्ण झोपवून चालत नाही,
खरे चोरही असतातच.

रसिकाच्या हळदीला
मी मांडवाच्या खांबाला धरून,
मे महिन्यात, फुल बाह्यांत.
काकानं हळद लावायची असते.
खिशातून हात निघेना.
तीच उठून आली, पाटावरून, पिवळीधमक,
माझी बाही वर सारली
आणि कोपराला हळद फासली,
जशी कुणी उंबऱ्याला लावावी, घाईत.
चरचरलं.
डीजे वाजतच होता.
बाईंनी नंतर ओरडून घेतलं :
लग्नघरातली हळद, त्यात काय काय असतं!

परवा पुन्हा मोजणी झाली.
तळहात पसरला, वळलो, वाकलो.
अकरा, बाई म्हणाल्या.
म्हणजे दीड टक्का परत मिळाला.
घरी आलो, बापाच्या फोटोखाली जेवलो,
त्याला सांगितलं नाही.
तो पावती मागेल.