तीनपेक्षा कमी

तक्ता क्रमांक सात. उभे रकाने आजारांचे:
हृदयविकार, मधुमेह, फुप्फुस, मूत्रपिंड, स्मृतिभ्रंश,
आणि शेवटी अरुंदसा एक, 'नोंद नाही'.
आडव्या ओळी वयाच्या, पाच-पाच वर्षांच्या पायऱ्या.
नव्वदीला पायऱ्या संपतात,
पुढचे सगळे एकाच ओट्यावर बसलेले.

टॅलिनमध्ये एप्रिल म्हणजे बर्फही नाही, पानंही नाहीत.
ऑफिस बंद. स्वयंपाकघरात इस्त्रीच्या टेबलावर माझा लॅपटॉप,
बशीत काळ्या पावाचा तुकडा, सकाळचाच.
रेडिओवर कुणीतरी शांत आवाजात सांगतंय:
घाबरू नका, फक्त म्हातारे,
फक्त आधीपासून आजारी असलेले.
मी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासला.
'फक्त' हा शब्द आम्ही कुठेच छापला नव्हता.
तळटिपेतसुद्धा.

नियम साधा आहे:
खान्यातला आकडा तीनपेक्षा कमी असेल
तर तिथे फुली मारायची,
माणूस ओळखू येऊ नये म्हणून.
सारेमा बेट. वय ४०–४४. नोंद नाही. एक.

हा एक फेरीबोटीवर दोर फेकायचा.
धक्क्यावरच्या खुंटाला पहिल्याच फेकीत फास बसला
की कुणी बघितलं का, ते हळूच बघून घ्यायचा.
सातव्या वर्षी खाडीच्या बर्फातून खाली गेला होता,
तेव्हापासून थंडीत त्याची छाती वाजायची,
झाकण नीट न बसलेल्या किटलीसारखी.
डॉक्टरकडे गेला नाही कधी. म्हणून नोंद नाही.
मला माहीत आहे, पण मी म्हणजे दाखला नव्हे.
दाखल्यात नसलेलं मला भरता येत नाही.
विल्लू, हा नियम नव्या पोरांना
मीच शिकवते रे.

मारली फुली.

पण एक फुली पुरत नाही.
खाली उभी बेरीज असते. तीतून बाकीचे वजा केले
की तो सापडतोच, एकटा.
म्हणून त्याच रकान्यातला आणखी एक खाना झाकावा लागतो.
मी नव्वदीपुढचा घेतला. चार.
चार जण, ज्यांच्या नावावर कसलाही आजार नव्हता.
त्यांत लाइने म्हातारी असणारच,
बुडता बुडता वाचल्यावर
जिने त्याला पोहायला शिकवलं, आणि कमरेवर चापट्या मारल्या.
बस आता तिच्याजवळ.

मग आडवी बेरीज. तिच्यातूनही तो सापडतो.
त्याच्या ओळीत शोधत गेले: मधुमेह, शून्य.
शून्यावर फुली मारली.
जो मेलाच नाही
त्यालाही विल्लूशेजारी गप्प बसवलं.
राहिला चौथा कोपरा: नव्वदीपुढचे, मधुमेह, अकरा.
त्यांनाही विचारलं नाही.
आता चार कोपऱ्यांत चार फुल्या,
चार खुंटांना बांधलेली होडी जशी;
कुठूनही ओढा, सुटायची नाही.
पंधरा-सोळा माणसं आणि एक कुणीच नाही,
एवढे लागले
माझ्या भावाला झाकायला.

रात्री आईचा फोन. बेट बाहेरच्यांना बंद आहे
आणि मी आता बाहेरची,
त्यामुळे मातीलाही फोनवरच होते.
म्हणाली, पेपरात तुझा तक्ता आलाय,
चष्मा लावून दोनदा पाहिला.
आपला कुठे आहे त्यात?
मी म्हटलं, बेरजेत आहे.
बेरीज कुठे लिहितात?
सगळ्यात खाली. ठळक अक्षरांत.
बरं, म्हणाली.
मग थोड्या वेळाने विचारलं,
त्याचे बोटीवरचे रबरी बूट
ते लोक आणून देतील,
की मीच जाऊ धक्क्यावर?