उजव्या खांद्याचं शहर

पोरी, तो फोन खिशात टाक.
त्यात हा रस्ता आडवा दिसतो,
आणि इथे आडवं म्हणून काही नाही.
छोंगछिंगमध्ये आम्ही उत्तर-दक्षिण सांगत नाही.
वर म्हणतो, खाली म्हणतो,
फारच नाइलाज झाला, तर
अजून थोडं वर.

तू वहीत जुन्या जागा टिपायला आलीस.
मी तीस वर्षं बांबू खांद्यावर घेऊन
बोटीपासून उंबऱ्यापर्यंत लोकांचं सामान वाहिलं:
कोबी, कपाटं, एकदा एक पियानो, चौघांत.
मला तारखा येत नाहीत.
वजनं येतात.

ही पायरी बघ. कडेला बोटभर खाच आहे.
तुझ्या वहीत ती 'झीज' म्हणून जाईल.
बांबूचं टोक आम्ही सगळे इथेच टेकवायचो,
माझ्या आधीचे, त्यांच्या आधीचे,
कारण एकशे चाळिसाव्या पायरीला
माणसाचा दम संपतो,
मग राज्य कुणाचंही असो.
हात लाव.
गार आहे ना?

आणि तटाच्या चिरेबंदीतून फुटलेलं ते झाड, हुआंगज्वे.
म्हणतात, ज्या महिन्यात रुजलं
त्याच महिन्यात पानं गाळतं.
म्हणून एकाच गल्लीत एक बोडकं
आणि शेजारचं हिरवंगार, लाज नसल्यासारखं.
आपला वाढदिवस विसरत नाही बेटं.

या तटाला सतरा वेशी होत्या.
नऊ उघडायच्या. आठ बंद.
बंद म्हणजे बांधल्या त्याच बंद,
कुणा जोशीबुवाच्या हिशेबाने.
माझ्या बापाला त्या आठच आवडायच्या.
त्यांतून काही न्यावं लागत नाही, म्हणायचा.

आता खाली. वाक, डोकं सांभाळ.
हा बोगदा बॉम्बच्या वर्षांतला.
आता म्हातारा मू इथे ज्वारीची दारू विकतो.
रांजणांना बारा महिने सारखा गारवा लागतो,
आणि तो म्हणतो, विमानांनी एवढं एक बरं केलं.
हसू नकोस. त्याचे आजोबा इथून बाहेर आले नाहीत.

तिसरा रांजण जरा सरकव.
भिंतीवर रेघा दिसतात? गट-गट केलेल्या?
माझी आई तेव्हा आठ वर्षांची.
भोंगा थांबला की आजी अंधारात माणसं मोजायची,
आई खिळ्याने तेवढ्या रेघा ओढायची.
सात.
सात.
सात.
सहा.
मग बघ, परत सात.

आई म्हणायची, मोजताना कुणाचं तरी पोर
आमच्या रांगेत येऊन उभं राहिलं.
आजीने त्याला मोजलं.
झालं. तो आमचा फेईमामा.
आडनाव कुणी विचारलं नाही,
विचारून ते सांगायचं कुणाला?

त्यानेच मला बांबू धरायला शिकवलं.
खांदा बदलत जा, म्हणायचा,
एकाच खांद्यावर नेशील तर शहर तिथेच घर करेल.
मी ऐकलं नाही. बघ, सदऱ्याखालूनही दिसतो
हा गोळा. संत्र्याएवढा.

शेवटी त्याला मीच दवाखान्यात नेला,
पाठुंगळी, दोनशे अकरा पायऱ्या,
मध्ये त्या खाचेपाशी न थांबता.
चाळीस किलोही नव्हता.
इतकं हलकं ओझं मी दुसरं उचललं नाही
आणि इतकी धाप मला कधी लागली नाही.
कानाशी पुटपुटत होता, खांदा बदल रे, खांदा बदल.

काय विचारलंस? साल?
सांगितलं ना, ते येत नाही मला.
लिहायचंच तर सहाच्या पुढे सात लिही.
नाहीतर राहू दे, वरचे तुझे साहेब म्हणतील
बेरीज चुकली.

रांजण होता तिथे लाव, मू चिडतो.
वाटीभर घे हवी तर, पैसे मी देतो.
मग निघू.
किती वर?
अजून थोडं.